प्रसिद्धांच्या मृत्यूचे भाकीत : एका खेळाच्या आकडेवारीची चिकित्सा

प्रस्तावना

इंग्लंड-अमेरिकेत ‘डेड पूल’ या नावाने ओळखला जाणारा एक खेळ गेली काही दशके खेळला जात आहे. वर्षारंभी प्रत्येक खेळाडूने प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांची यादी सादर करावयाची आणि ३१ डिसेंबरपर्यंत त्यांपैकी ज्यांचे निधन होईल, तितकी भाकिते खरी ठरली असे मानावयाचे, एवढाच या खेळाचा गाभा आहे. ब्रिटनमधील ‘डेथलिस्ट’ ही पन्नास नावांची यादी १९८७ पासून दरवर्षी सिद्ध होते. अशा खेळांत वर्षअखेरीस यशाची टक्केवारी काढली जाते, मागील वर्षांशी तुलना केली जाते, दिवंगतांचे सरासरी वय सांगितले जाते आणि त्यावरून काही ‘कल’ही मांडले जातात.

मराठी समाजात या खेळाचे नाव फारसे परिचित नाही. परंतु त्यामागील वृत्ती मुळीच अपरिचित नाही. मोठ्या माणसाच्या आजारपणाची बातमी येताच ‘आता काही खरे नाही’ असे म्हणणारे, निधनानंतर ‘मी म्हटलेच होते’ असे सांगणारे आणि जन्मपत्रिकेवरून आयुर्मर्यादा वर्तविणारे आपल्याकडेही आहेत. त्यामुळे या खेळाचा विचार केवळ परदेशी विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून करणे पुरेसे ठरत नाही. या खेळाची आकडेवारी नेमके काय मोजते आणि त्या मोजमापामुळे खेळणाऱ्याची दृष्टी कशी घडते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही आकडेवारी मृत्यूविषयी जेवढे सांगते, त्याहून कितीतरी अधिक ती खेळाच्या नियमांविषयी सांगते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. भाकीत, पैज आणि कायदा

मृत्यूवर पैज लावण्याची प्रथा जुनी आहे. पोपची निवड आणि त्याची कारकीर्द किती काळ चालेल यांवर रोममध्ये इतक्या पैजा लागत, की पोप चौदावे ग्रेगरी यांना १५९१ मध्ये त्यांवर बंदी घालावी लागली. अठराव्या शतकातील लंडनमध्ये नामांकित व्यक्तींच्या आयुष्यावर परक्यांनी विमा उतरविण्याची चाल पडली होती. हा विमा नावापुरताच होता. वस्तुतः ती त्या व्यक्तीच्या मृत्यूवर लावलेली पैज होती. ब्रिटिश संसदेने १७७४ च्या कायद्याने तिला आळा घातला. ज्याच्या जिवाचा विमा उतरवावयाचा त्याच्या जगण्यात विमा उतरविणाऱ्याचे काही हित गुंतलेले असले पाहिजे, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. विमायोग्य हितसंबंधाचे हेच तत्त्व आज भारतीय विमा व्यवहारातही पायाभूत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नेही पैजेचे करार निरर्थक ठरविले.

आपल्याकडे भाकिताची परंपरा वेगळ्या वाटेने विकसित झाली. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथात आयुर्दायाचे, म्हणजे आयुर्मर्यादेच्या गणिताचे, स्वतंत्र प्रकरण आहे. अल्पायू, मध्यमायू, पूर्णायू ही वर्गवारी पत्रिका पाहणाऱ्यांच्या बोलण्यात आजही आढळते. येथे पैज नाही. मात्र मृत्यूची वेळ आधी सांगता येते, हा दावा आहे. ‘डेड पूल’ हा खेळ या दोन्ही परंपरांच्या मधोमध उभा आहे. त्यात पैजेची चढाओढ आहे आणि भाकिताचा अभिमानही आहे. अनेक ठिकाणी तो पैशाविना खेळला जातो, म्हणून कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो; अभिमानाचा प्रश्न मात्र शिल्लक उरतो.

२. यशाची टक्केवारी कशाशी ताडून पाहावयाची?

एखाद्या खेळाडूच्या पन्नास नावांपैकी सात नावे वर्षभरात ‘खरी ठरली’, तर ते यश मोठे की लहान? केवळ सात या आकड्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. काहीही कौशल्य नसताना किती नावे खरी ठरली असती, हे आधी ठाऊक असावे लागते.

बोळिंजच्या परिसरातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. म्हाडाच्या घराची सोडत लागणे ही मुंबईत नशिबाची परिसीमा समजली जाते. कारण घरे थोडी आणि अर्जदार अनेक असतात. विरार-बोळिंज येथील म्हाडा प्रकल्पातील बरीच घरे मात्र अनेक सोडतींनंतरही विकली गेली नाहीत आणि पुढे ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर देऊ करण्यात आली. जेथे घरांहून अर्जदार कमी, तेथे घर मिळाले यावरून अर्जदाराच्या नशिबाविषयी काहीही सिद्ध होत नाही. ‘घर लागले’ हे शब्द दोन्हीकडे तेच असले, तरी त्यांचा सांख्यिकीय अर्थ अगदी भिन्न आहे.

मृत्यूच्या भाकिताचेही असेच आहे. एडमंड हॅले यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या नोंदींवरून आयुर्मान-तक्ता सिद्ध केला, आणि बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर ठरावीक पटीने वाढत जातो असा नियम मांडला. आजच्या ब्रिटनसारख्या देशातील तक्ते पाहिले असता तिशीतील व्यक्तीचा वर्षभरात मृत्यू होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी, ऐंशीव्या वर्षी साधारण वीसात एक आणि नव्वदाव्या वर्षी सहा ते आठांत एक असल्याचे दिसते. आता एखाद्याने डोळे मिटून नव्वदीतील पन्नास प्रसिद्ध व्यक्तींची नावे लिहिली, तर सातांत एक या हिशेबाने त्यांपैकी सुमारे सात नावे खरी ठरणे अपेक्षित आहे. त्यासाठी वैद्यकाचे ज्ञान नको, पत्रिका नको, अंतर्ज्ञानही नको. जन्मवर्ष ठाऊक असणे पुरे. याच उदाहरणात प्रमाण विचलन सुमारे अडीच येते. म्हणजे एका वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी नऊ नावे खरी ठरली, तरी तो फरक निव्वळ योगायोगाच्या मर्यादेत राहतो. अशा चढउतारांवरून खेळाडूचे कौशल्य वाढले अथवा घटले असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे नाही.

भाकिताची कसोटी कशी घ्यावी, याचा उत्तम आदर्श महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर फलज्योतिषाच्या शास्त्रीयतेचा वाद देशभर रंगला. पुढे डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बुद्धिमान मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देण्यात आल्या आणि त्या दोन गटांत विभागण्यास सांगण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. एकूण यश सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीने मिळणाऱ्या यशाच्या आसपासच, निघाले. सर्वांत यशस्वी ठरलेल्या ज्योतिषाची चाळीसपैकी २४ उत्तरे बरोबर होती. नाणेफेकीने वीस उत्तरे बरोबर येतात आणि प्रमाण विचलन तीनच्या थोडे वर असते. त्यामुळे २७ जणांत एखाद्याला २४ गुण मिळणे हे नवल नव्हे.

या चाचणीचे महत्त्व तिच्या निकालापेक्षा तिच्या रचनेत आहे. प्रश्न आधी निश्चित केला होता, उत्तराची कसोटी आधी ठरली होती, योगायोगाने मिळणारे यश आधीच ज्ञात होते आणि अपयशाचीही मोजदाद होणार होती. मृत्यू-भाकिताच्या खेळात पहिल्या दोन अटी पाळल्या जातात, हे मान्य केले पाहिजे. यादी वर्षारंभीच द्यावी लागत असल्याने ‘मी म्हटलेच होते’ या पळवाटेला तेथे वाव नाही. या अर्थाने हा खेळ घरगुती भविष्यवाणीपेक्षा प्रामाणिक आहे. परंतु तिसरी अट तेथे दुर्लक्षित राहते. योगायोगाचा पाया न सांगता दिलेली टक्केवारी अचूकतेचा केवळ आभास निर्माण करते.

३. ‘यंदा फार माणसे गेली’ : कल आणि आभास

या खेळाच्या आकडेवारीतून पुढे येणारे दुसरे विधान कालानुक्रमी वाढीचे असते. प्रसिद्ध व्यक्तींचे मृत्यू वाढत आहेत, ही भावना खेळाबाहेरही सार्वत्रिक आहे. मराठी रसिकांनी २०२२ मध्ये २ फेब्रुवारीला रमेश देव, ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर आणि २६ नोव्हेंबरला विक्रम गोखले यांना निरोप दिला; २०२३ मध्ये ४ जूनला सुलोचना लाटकर आणि २४ ऑगस्टला सीमा देव गेल्या. एक पिढीच्या पिढी संपत असल्याची जाणीव त्या काळात अनेकांनी बोलून दाखविली.

या जाणिवेत तथ्य आहे. पण त्याचे कारण काळाच्या क्रूरतेत शोधण्याऐवजी प्रसिद्धीच्या इतिहासात शोधले पाहिजे. २०१६ मध्ये बीबीसीने आपल्या तयार मृत्युलेखांचा आढावा घेतला, तेव्हा २०१२ च्या पहिल्या तीन महिन्यांत असे पाच लेख वापरले गेले होते, तर २०१६ च्या त्याच काळात चोवीस, असे आढळले. दूरचित्रवाणी आणि लोकप्रिय संगीत यांमुळे १९६० च्या दशकापासून प्रसिद्ध व्यक्तींची संख्याच वाढली आणि ती पिढी आता वृद्ध झाली, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. हेच स्पष्टीकरण मराठीलाही लागू पडते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी नाटकाच्या वा तमाशाच्या कलावंताला पाहण्यासाठी प्रेक्षकाला त्याच्यापर्यंत जावे लागे; त्यानंतर कलावंत घराघरांत आला. त्या काळात पंचविशी-तिशीत असलेले चेहरे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ओळखीचे चेहरे वाढले, म्हणून ओळखीच्या मृत्यूंची संख्याही वाढली. यात मृत्युदराची वाढ गृहीत धरण्याचे कारण नाही.

लागोपाठ येणाऱ्या मृत्यूंचा आभासही असाच तपासून पाहावा लागतो. इरफान खान यांचे २९ एप्रिल २०२० रोजी आणि ऋषी कपूर यांचे दुसऱ्याच दिवशी मुंबईत निधन झाले, तेव्हा या योगायोगाने सारे सुन्न झाले. तथापि संभाव्यतेच्या गणितात वाढदिवसांचे एक प्रसिद्ध कोडे आहे : तेवीस माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्याच न्यायाने वर्षभरात अशा चोवीस निधनांच्या बातम्या येत असतील, तर त्यांपैकी किमान दोन एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे; लागोपाठच्या तारखा धरल्या तर ती आणखी वाढते. पाश्चात्त्य संगीतातील ‘सत्ताविसावे वर्ष घातक’ ही समजूतही अशीच तपासली गेली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०११ च्या अभ्यासात १,०४६ संगीतकारांची नोंद पाहण्यात आली, सत्ताविसाव्या वर्षाचा मृत्युदर पंचविसाव्या वा बत्तिसाव्या वर्षाच्या मृत्युदरासारखाच आढळला. मनाला जेथे आकृती दिसते, तेथे आकड्यांत बहुधा केवळ विखुरलेपण असते.

४. गुणदानाचा नियम आणि त्याचा परिणाम

वृद्धांची नावे देऊन सहज जिंकता येते, हे खेळ चालविणाऱ्यांच्याही लक्षात आले आहे. म्हणून अनेक ठिकाणी शंभरातून मृताचे वय वजा करून गुण देण्याचा नियम केला जातो. नव्वद वर्षांच्या व्यक्तीच्या मृत्यूला दहा गुण, ऐंशी वर्षांच्या व्यक्तीच्या मृत्यूला वीस गुण, तीस वर्षांच्या व्यक्तीच्या मृत्यूला सत्तर गुण. वरवर पाहता हा नियम न्याय्य वाटतो.

वर दिलेल्या शक्यता घेऊन हिशेब केला, तर चित्र बदलते. नव्वदीतील नावापासून वर्षाला सरासरी सुमारे १.४ गुण अपेक्षित आहेत, ऐंशीतील नावापासून सुमारे १ आणि तिशीतील नावापासून ०.०७ हूनही कमी. म्हणजे सत्तर गुणांचे आमिष दाखवूनही तिशीतील निरोगी व्यक्तीचे नाव देणे तोट्याचेच ठरते. मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीने वाढतो आणि गुण मात्र सरळ रेषेत घटतात; त्यामुळे हा नियम समतोल साधू शकत नाही.

मग तरुण वा मध्यमवयीन व्यक्तीचे नाव कोणत्या परिस्थितीत लाभदायक ठरते? केवळ एकाच परिस्थितीत : ती व्यक्ती गंभीर आजारी किंवा व्यसनाधीन असल्याची बातमी खेळाडूला असेल तेव्हा. पन्नाशीतील व्यक्तीच्या मृत्यूला पन्नास गुण आहेत. दुर्धर रोगामुळे तिच्या मृत्यूची शक्यता निम्म्यावर गेली, तर त्या एका नावाची अपेक्षित किंमत पंचवीस गुण होते, म्हणजे नव्वदीतील सतरा-अठरा नावांएवढी. खेळात पुढे जाण्याचा खरा मार्ग येथे उघड होतो. जो इतरांपेक्षा आधी रुग्णालयाची बातमी मिळवील, तो जिंकेल. गुणदानाचा नियम वयाचा तोल सांभाळण्यासाठी केला गेला. प्रत्यक्षात त्याने खेळाडूची नजर रुग्णशय्येकडे वळविली. खेळाडू व्यक्तिशः निष्ठुर असेलच असे नाही. तो केवळ नियमांना अनुसरून शहाणपणाने वागत असतो. म्हणूनच या खेळाची नैतिक चिकित्सा खेळाडूच्या स्वभावापासून सुरू न करता नियमांच्या रचनेपासून सुरू करणे अधिक उचित ठरते.

मुंबईच्या मटक्याशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर आणि पुढे पत्त्यांवर चाललेल्या त्या जुगाराने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली, यात शंका नाही. परंतु मटक्यातील आकडा हा कोणाचा श्वास नव्हता. आकडा लागावा अशी इच्छा करणाऱ्याने त्या इच्छेने तिसऱ्या कोणाचे अशुभ चिंतिले नव्हते. मृत्यूच्या खेळात गुण मिळावेत ही इच्छा आणि एक विशिष्ट माणूस मरावा ही इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

५. रुग्णशय्येभोवतीची घाई

मृत्यूची बातमी सर्वांआधी आपल्याकडे असावी, ही स्पर्धा खेळापुरती मर्यादित नाही. तिची सर्वांत गंभीर नोंद भारतीय संसदेच्या इतिहासात आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मृत्यूशी झुंजत असताना त्यांच्या निधनाची घोषणा पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जयप्रकाशजी जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, म्हणजे बरोबर दोनशे दिवसांनी, पाटण्यात त्यांचे निधन झाले. तेथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. तरीही मृत्यूची वाट पाहणारी यंत्रणा सज्ज असली, की अपुरी बातमीही पुरेशी वाटू लागते, हे या घटनेतून दिसते.

त्यानंतर माध्यमे बदलली, घाई वाढली. विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात असताना २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली, नामवंतांनी शोकसंदेशही दिले आणि कुटुंबीयांना ती बातमी नाकारावी लागली. त्यांचे निधन तीन दिवसांनी झाले. धर्मेंद्र यांच्याबाबतीत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी हेच घडले; त्यांचे निधन २४ नोव्हेंबरला झाले. भाकीत ‘खरे’ ठरले, असे एखादा खेळाडू या दोन्ही प्रसंगी म्हणू शकेल. ३१ डिसेंबरच्या मुदतीत तीन किंवा तेरा दिवसांनी काही फरक पडत नाही. परंतु ज्या घरातील माणसांना आपला माणूस जिवंत आहे असे जगाला सांगावे लागते, त्यांच्यासाठी ते तीन दिवस आणि ते तेरा दिवस हेच सर्वस्व असते. खेळाच्या तक्त्यात या दिवसांसाठी रकाना नाही.

६. तोच तक्ता, दुसरा उपयोग

मृत्यूचे आकडे मोजणेच गैर आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे अयोग्य होईल. एकोणिसाव्या शतकात परकीय विमा कंपन्या भारतीयांच्या जिवाचा विमा उतरविताना जादा हप्ता आकारीत. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देऊ केला. तेथेही माणसाच्या मृत्यूच्या शक्यतेचाच हिशेब होता; मात्र तो मागे राहणाऱ्या कुटुंबासाठी होता. विमेदार दीर्घकाळ जगावा यातच विमा संस्थेचे हित असते. खेळाडूचे हित नेमके याच्या उलट असते. आकडे तेच असले, तरी कोणाचे हित कशात गुंतले आहे यावरून त्या आकड्यांची नैतिकता ठरते. १७७४ च्या कायद्याने हेच ओळखले होते.

खेळाच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेतला पाहिजे. या निमित्ताने विस्मृतीत गेलेल्या व्यक्तींची आठवण होते, असे ते म्हणतात. हे काही अंशी खरे आहे. परंतु स्मरणाची रीत महत्त्वाची असते. मराठीत मृत्युलेखाची समृद्ध परंपरा आहे. आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’तून लिहिलेले मृत्युलेख आणि पंडित नेहरूंच्या निधनानंतरचे त्यांचे ‘सूर्यास्त’ हे पुस्तक या परंपरेची परिचित उदाहरणे आहेत. मृत्युलेखात मृत्यू हे निमित्त असते आणि आयुष्य हा विषय असतो. खेळाच्या यादीत आयुष्य हे निमित्त ठरते आणि मृत्यूची तारीख हा विषय. लता मंगेशकर यांच्या सात दशकांहून अधिक काळच्या गायनाला त्या तक्त्यात जागा नाही. त्यांचे वय ९२ होते, म्हणून गुण आठ, एवढेच तेथे उरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मृत्यू-भाकिताच्या खेळातील यशाची टक्केवारी वयाच्या पायाभूत शक्यतेशी ताडून पाहिल्याविना निरर्थक आहे; तशी ती ताडली असता खेळाडूच्या दूरदृष्टीचा फारसा अंश तीत उरत नाही. दुसरे, मृत्यूंच्या संख्येतील वाढीचा कल हा मुख्यतः प्रसिद्धीच्या प्रसाराचा विलंबाने दिसणारा परिणाम आहे. तिसरे, तरुणांच्या मृत्यूला अधिक गुण देणारा नियम समतोल साधत नाही. तो आजारपणाच्या बातमीला मोल आणतो.

पदवीच्या वर्गात संभाव्यता शिकविताना पत्ते, फासे आणि नाणी यांची उदाहरणे दिली जातात. या खेळाचे उदाहरण त्यांच्या जोडीला घेण्यासारखे आहे. कारण अपेक्षित मूल्य, प्रमाण विचलन आणि पायाभूत शक्यता या तिन्ही संकल्पना त्यातून स्पष्ट होतात. फासा मात्र कोणाचा आप्त नसतो आणि यादीतील प्रत्येक नाव कोणाचे तरी असते, हा भेदही त्याच तासाला शिकवावा लागेल. मोजमाप अचूक असणे आणि मोजण्याचा हेतू योग्य असणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत, हे विद्यार्थ्याला उमगले तर संख्याशास्त्राच्या शिक्षणाचे ते मोठे फलित मानावे लागेल.